आईच्या नावाची ट्यूब

४ मार्च, सोमवार

भिंगरीला आज पाण्यातून ओढून काढलं. साखर ४१!

तलावावर लहान मुलांचा वर्ग घेत होती. सकाळी सुई टोचली होती, नाश्ता पोटभर केला होता, सगळं मोजूनमापून — आणि तरी मधेच हात चालेनात. शेजारच्या कोचचं लक्ष गेलं म्हणून वाचली. मी पोहोचले तेव्हा टॉवेल गुंडाळून बाकावर बसली होती, साखरेचं पाणी पीत होती, आणि वर मलाच म्हणते, मावशी, तुझा चेहरा बघ, तूच बुडत होतीस असं वाटेल. तोंडाचा पट्टा अशा वेळीही चालूच!

तलावाच्या व्यवस्थापकांनी नीट समजावून सांगितलं. इन्शुलिनवर आहे तोवर पाण्यात उतरायचं नाही, काठावर उभं राहून शिकवायचं. यावर भिंगरीने वाद न घालता मान डोलावली. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

महिन्याभरातली ही चौथी वेळ. तेराव्या वर्षापासून रोज चार सुया, म्हणजे सात वर्षं झाली. इतक्या शिस्तीच्या पोरीची साखर अशी धाडकन पडते कशी? उद्या माझ्या लॅबमध्ये बोलावलंय. आता मी स्वतः बघणार.

५ मार्च, मंगळवार

अजब प्रकार. भिंगरीच्या रक्तातली साखर १२८. लघवीच्या पट्टीवर मात्र साखर तीन प्लस, म्हणजे भरपूर! तासाभराने पुन्हा घेतली, तेच.

अठरा वर्षं मी हेच काम करतेय. रक्तातली साखर १८०च्या आसपास गेल्याशिवाय मूत्रपिंड ती लघवीत सोडत नाही. १२८ला पट्टीचा रंग बदलायलाच नको. पट्ट्यांची नवी बाटली उघडली. तेच. मग आमची जुनी युक्ती — पट्ट्यांचा संशय आला की आपलीच लघवी तपासायची. आपण धडधाकट, तेव्हा आपली साफ येणार हे ठरलेलं. माझी दोन प्लस आली!

म्हणजे खोकंच्या खोकं खराब. सगळ्या बाटल्यांवर लाल फुल्या मारल्या आणि पुरवठादाराला असं खरमरीत पत्र लिहिलं की त्याच्या नाकाला मिरच्या झोंबाव्यात. भिंगरीला सांगितलं, पट्ट्या खराब निघाल्या, तू काळजी करू नको.

७ मार्च, गुरुवार

भिंगरीच्या आईचा, माझ्या ताईचा फोन. म्हणाली, तिला सांग, पोहणं सोड. तुझं ऐकते ती.

माझं ऐकते! मी कोण तिची? मावशी.

इथे तरी खरं लिहायला हरकत नाही. भिंगरी माझ्या पोटची. नवरा अपघातात गेला तेव्हा मला सातवा महिना. ताईला लग्नाला नऊ वर्षं होऊन मूल नव्हतं. आठ दिवसांची पोर मी तिच्या ओंजळीत दिली. कागदपत्रं रीतसर झाली, ती दोघं दूर राहायला गेली, मी लॅबचा कोर्स केला. ठरलं होतं की मागे वळून बघायचं नाही, बोलायचं नाही. आता ताई, भाऊजी आणि मी — तिघांनाच माहीत. वीस वर्षं पाळलं. ताई आई म्हणून माझ्यापेक्षा दहापट चांगली निघाली, हेही खरं. मी तिला कधी माझी लेक म्हटलं नाही. मनातसुद्धा फारसं नाही. शिक्षणासाठी ती याच गावात वसतिगृहावर आली तेव्हा मी दोन दिवस हसतच होते, एवढंच.

११ मार्च, सोमवार

पुरवठादाराचा माणूस आला. साधा, हसतमुख. त्याने लाल फुलीच्या बाटलीतली पट्टी घेतली, आत जाऊन स्वतःचाच नमुना घेऊन आला. साफ. आमच्या कनिष्ठ टेक्निशियनचा घेतला. साफ. मग मी तावातावाने माझा आणला. दोन प्लस.

त्याने पट्टी बाटलीवरच्या रंगांशी पुन्हा ताडून बघितली. मग अगदी हळू आवाजात, “मॅडम, पट्ट्या चांगल्या आहेत. तुम्ही एकदा डॉक्टरांना भेटा.”

मी कपाळाला हात लावला. रोज शंभर लोकांच्या साखरा मोजणारी मी — स्वतःची कधी मोजली होती? भिंगरीच्या वेळी दिवस गेले होते तेव्हा थोडी वाढली होती, पण बाळंत झाल्यावर जाईल म्हणाले आणि मीही तो विषय सोडून दिला. रक्त काढून घेतलं. सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता, म्हणजे उपाशी पोटीच — १४१. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी चाचणी ७.३ टक्के, म्हणजे मधुमेहच.

चांगली बातमी कुठली तर पट्ट्या वाया गेल्या नाहीत! पुरवठादाराला माफीचं पत्र लिहिलं.

१२ मार्च, मंगळवार

दुसऱ्या मजल्यावरच्या मधुमेहाच्या डॉक्टर मॅडमकडे गेले. त्यांनी रिपोर्ट बघितला, मग मला आपादमस्तक बघितलं. वजन? बावन्न किलो. घरात कोणाला?

वडिलांना होता, सांगितलं. काडीसारखे होते. तिशीत लागला आणि शेवटपर्यंत अर्ध्या गोळीवर राहिले. कुणी पूर्ण गोळी दिली की थरथरायला लागायचे.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग फळ्यावर लिहिल्यासारखं सावकाश समजावलं. मधुमेहाचा एक दुर्मीळ प्रकार असतो, एकाच जनुकातल्या दोषाने होणारा. माणसं बारीक असतात. तरुणपणीच लागतो. मूत्रपिंड साखर लवकर सोडतं, म्हणून रक्तात फारशी नसली तरी लघवीत दिसते. स्वादुपिंड इन्शुलिन बनवत असतं, फक्त त्याला ढकलावं लागतं — आणि एक जुनी, साधी गोळी ते काम चोख करते. लहान डोसही पुरतो. लहान वयात लागला तर पुष्कळदा टाइप वन समजून मुलांना सुया लावल्या जातात.

मी खुर्ची पुढे ओढली. म्हणाले, माझ्या भाचीला तेराव्या वर्षी लागला. सुया घेते. तिचीही लघवी तशीच.

मॅडमनी लगेच कागद ओढून वंशवृक्ष काढला. वडिलांचा चौकोन, आत काळा भरलेला, म्हणजे आजार आहे. माझं वर्तुळ, भरलेलं. शेजारी ताईचं. “बहिणीला आहे?”

नाही. ताईची साखर दरवर्षी मीच तपासते. कायम नव्वदच्या आत.

त्यांनी ताईचं वर्तुळ रिकामं ठेवलं, त्याखाली भिंगरीचं काढलं आणि मधल्या रेघेवर काट मारली. “हा दोष पिढी सोडून उडी मारत नाही. आईमध्ये नसेल तर साखळी इथे तुटली. भाचीचा वेगळाच असणार.” मग मला विचारलं, तुम्हाला मूलबाळ?

मी नाही म्हणाले.

अठरा वर्षं दुसऱ्यांच्या फॉर्मवर खोटी माहिती सापडली की मी त्यांना फैलावर घेते. आज स्वतः तोंडावर खोटं बोलून आले. काडीमोल माणूस मी.

१३ मार्च, बुधवार

झोप धड नाही. पण एक ठरलं. रडत बसायचं नाही. साखळी तुटलेली नाही हे जगात फक्त मला कळतंय, तर पुढचं पाऊल मीच टाकणार.

पहिलं पाऊल कुणाचंही गुपित न फोडता टाकता येतं. टाइप वनमध्ये शरीर स्वतःच स्वादुपिंडाशी लढतं, त्याच्या खुणा रक्तात दिसतात. आणि सात वर्षांनी स्वतःचं इन्शुलिन जवळपास संपलेलं असतं. या दोन्ही गोष्टी मोजता येतात. मोजू या!

२१ मार्च, गुरुवार

खुणा — एकही नाही. तिन्ही चाचण्या निगेटिव्ह. स्वतःचं इन्शुलिन — भरपूर!

म्हणजे पोरीचं स्वादुपिंड काम करतंय आणि वरून आम्ही सुया ओततोय. साखर ४१वर जाणार नाही तर काय!

मॅडम रिपोर्ट बघून चकित झाल्या. वंशवृक्ष जुळत नाही, पण हे रिपोर्टही टाइप वनचे नाहीत, म्हणाल्या. जनुकाची चाचणी लिहून दिली. भिंगरीचं रक्त मीच काढलं. ती विचारते, मावशी, सुया सुटल्या तर मी पाण्यात जाऊ शकेन? मी म्हटलं, आधी रिपोर्ट येऊ दे. पण तिने माझ्या डोळ्यांत वाचलंच.

तोवर सुया बंद करून बघू का, असंही तिने विचारलं. खडसावलं. अंदाजाने इन्शुलिन सोडायचं नसतं. खरंच टाइप वन निघाला तर दोन दिवसांत जिवावर बेतेल.

मला मॅडमनी पाव गोळी सुरू केलीय. आठवड्यात साखर १०४. वडिलांची आठवण झाली आणि चहा गार होईपर्यंत तशीच बसून राहिले.

१३ एप्रिल, शनिवार

तलावावर गेले होते. भिंगरी काठावर बूट घालून उभी. शिट्टी गळ्यात. एक छोटी मुलगी हात मारायला घाबरत होती, तर ही गुडघ्यावर बसून हवेत हात मारून दाखवत होती. बूट ओले होऊ नयेत म्हणून पाय मागे. मी पाच मिनिटांत परत फिरले.

२९ एप्रिल, सोमवार

रिपोर्ट आला. दोनदा वाचला.

बदल सापडला आहे, अगदी त्याच जनुकात! पण हा बदल आधी कुठे नोंदलेला नाही. आजाराचा आहे की निरुपद्रवी, सांगता येत नाही. ठरवण्यासाठी आईवडिलांच्या रक्ताचे नमुने पाठवा.

मॅडम म्हणाल्या, आईला मधुमेह असता आणि तिच्यात हाच बदल निघाला असता, तर बाकीचे रिपोर्ट बघता मी लगेच गोळी सुरू केली असती. पण आई निरोगी आहे. तरी पाठवू नमुने. बहिणीला बोलवा.

बोलवते, म्हणाले. बहीण म्हणजे आई, आई म्हणजे मावशी — हे गणित मॅडमना कुठे ठाऊक!

२ मे, गुरुवार

ताई आली. भाऊजींनी आपलं रक्त दिलं आणि बाहेर जाऊन बसले. मी दार लावून तिला सगळं सांगितलं. वंशवृक्ष काढून दाखवला. ती ऐकत होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत.

मग तिने बाही वर केलीच नाही. म्हणाली, “माझ्या नावाच्या ट्यूबमध्ये तुझं रक्त घाल. तुझ्या हातातलं काम आहे. कोणाला कळणार?”

मी सुईचं टोपण परत लावलं. तिला पोरीच्या सुया सोडवायच्याच आहेत. पण आई म्हणून तिचं नाव पुसलं जाऊ नये, एवढंच हवंय. यात तिची चूक काय? मी रागावले नाही. रागावता आलं नाही.

म्हणाले, बघते.

३ मे, शुक्रवार

लिहायला लाज वाटते. पण लिहायचंच.

आज सकाळी सगळ्यांच्या आधी लॅबमध्ये गेले. स्वतःच्या दंडाला पट्टा बांधला, एका हाताने रक्त काढलं. ताईच्या नावाचं लेबल छापलं. गेल्या वर्षी दोन ट्यूबची लेबलं अदलाबदल केली म्हणून शिकाऊ मुलीला मी सगळ्यांसमोर रडवलं होतं. आणि आज मी स्वतः, जाणूनबुजून, लेबलाचा मागचा कागद सोलून उभी!

मग एकदम लक्षात आलं — मूर्ख बाई, हे चालणारच नाही! कागदावर ‘आई’मध्ये बदल सापडेल. पण कागदावरच्या त्या आईची साखर नव्वद. पंचावन्नाव्या वर्षी ठणठणीत. म्हणजे निष्कर्ष काय निघेल? बदल निरुपद्रवी! सुया चालू ठेवा!

हे खोटं भिंगरीला सोडवणार नाही, आणखी पक्कं अडकवेल. ते सावरायला मग ताईच्या साखरेचा खोटा रिपोर्ट. त्यानंतर ताईला नसलेल्या आजाराच्या गोळ्या. आणि तिची साखर खरोखर पडली तर?

लेबल चुरगाळून टाकलं. ट्यूब फेकली. भाऊजींचीही पाठवली नाही. डोकं महिन्याभरात पहिल्यांदा स्वच्छ होतं. खरं सांगणं ही आता माझ्या मनाच्या समाधानाची बाब राहिली नाही. तेच औषध आहे.

७ मे, मंगळवार

मॅडमना सांगितलं. दार बंद करून, एका दमात. त्या दिवशी खोटं बोलले तेही सांगितलं.

त्या रागावल्या नाहीत. जुना कागद काढला, काट मारलेल्या रेघेकडे बघितलं, आणि माझ्या वर्तुळापासून खाली पेन्सिलीने एक पुसट रेघ ओढली.

माझं रक्त माझ्या नावाने गेलं. पण मॅडमनी एक अट स्पष्ट घातली. “उत्तर काहीही येवो, तिला न सांगता मी हे तिच्या फाइलमध्ये घालणार नाही. वीस वर्षांची आहे. शरीर तिचं, माहिती तिची. आणि सांगायचं ते तुम्ही घरच्यांनी.”

२४ मे, शुक्रवार

भिंगरीची साखर पुन्हा पडली. ४६. जिन्यात. गुडघा फुटला. वसतिगृहाच्या मुख्य बाईंनी मला बोलावलं. ताईला मीच फोन केला. 

७ जून, शुक्रवार

तोच बदल. अक्षर न् अक्षर तोच! वडिलांकडून माझ्यात, माझ्याकडून भिंगरीत.

लॅबमागच्या बोळात जाऊन रडले. आनंदानेच म्हणायचं. लोक वारसा म्हणून काय काय देतात, आणि मी तिला हा दिला. पण हा ओळखता आला तर साध्या गोळीने भागतं. ओळखायला मात्र नाव लागतं.

रिपोर्ट मॅडमच्या खणात आहे.

९ जून, रविवार

बस पकडून ताईकडे गेले. भाऊजींनी चहा केला आणि अंगणात जाऊन बसले.

ताई म्हणाली, डॉक्टरांना सांगितलंस, आता मला न विचारता पोरीलाही सांगशील. मी म्हटलं, नाही. विचारायलाच आलेय. पण नाही म्हणालीस तरी सांगणार आहे.

मग वीस वर्षांचं सगळं बाहेर आलं. तिने काढलेले गोवराचे दिवस. पोरीला पहिली सुई टोचण्याआधी तिने रिकामी सुई स्वतःच्या पोटात टोचून बघितली होती. मला हे माहीतच नव्हतं. “तू दिलीस आणि मोकळी झालीस,” म्हणाली. मी म्हटलं, मोकळी? मग माझाही आवाज चढला. कधी नव्हे ते दोघी भांडलो, लहानपणी भांडायचो तशा.

शेवटी ती थकून बसली. “मी मग तिची कोण?”

 मला खोटा धीर देणं जमेना. तिचा हात धरला, तिने काढून घेतला.

निघताना सांगितलं — सोमवारी, सतराला, भिंगरीची तपासणी आहे. त्या दिवशी मी तिला सांगणार. त्याआधी तुला सांगायचं असेल तर तो मान तुझाच. तिने दार लावून घेतलं.

१४ जून, शुक्रवार

ताईचा फोन नाही. मी केला, उचलला नाही. माझा निर्णय बदललेला नाही. 

१६ जून, रविवार

काय बोलायचं ते तीनदा लिहून काढलं. तिन्ही वेळा पहिलं वाक्य ‘तुझी आई’ असं सुरू होतं आणि पुढे कुणाबद्दल लिहावं ते सुचत नाही. फाडलं. उद्या तोंडाला येईल ते.

१७ जून, सोमवार

साडेदहाला दवाखान्यात पोहोचले तर ताई आधीच आत, भिंगरीच्या शेजारच्या खुर्चीत. दोघींचे डोळे सुजलेले.  मी मागे दाराशी उभी राहिले. मॅडमनी नवा कोरा फॉर्म घेतला आणि पहिल्यापासून विचारलं, घरात कोणाला मधुमेह आहे?

“हिच्या आईला आहे,” ताई म्हणाली, आणि उठून तिने स्वतःची खुर्ची मला दिली.

मला बसवेना. भिंगरीने ताईचा हात सोडला नव्हता, दुसऱ्या हाताने माझी बाही ओढून खाली बसवलं. मॅडमना म्हणाली, “दोन आया आहेत मला. आजार एकीचा आहे. लिहा.”

गोळी उद्या सकाळपासून. सुया मॅडमच्या देखरेखीखाली कमी करत न्यायच्या.